भुशाखालची खडी

खडी पायाने निवडायची, डोळ्यांनी नाही, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. माणसं रंगावर भुलतात, आणि बायकोची टाच रुतली की माझ्या नावाने बोंब मारतात. मेक्सिकोत, कुएर्नावाका शहराच्या वरच्या अंगाला, आमच्या गावात, रस्त्याकडेला माझे ढीग आहेत. नदीचे गोटे, पांढरी संगमरवरी खडी आणि तेसोंत्ले, म्हणजे ज्वालामुखीचा लाल, भोकाभोकांचा दगड.

फिदेन्सियो मास्तर आले आणि डोळे मिटून एकेका ढिगावर चालायला लागले.

"मास्तर, नाचताय की काय?"

"ऐकतोय, रेमे. सगळ्यात भांडखोर कुठली आहे तुझ्याकडे?"

"माझ्याहून भांडखोर? तेसोंत्ले घ्या. मांजर गेलं तरी कुरकुरतं."

मास्तर हसले नाहीत. त्यांचा मुलगा गिल्दार्दो मार्चमध्ये ट्रक उलटून गेला होता. त्यांच्या बायकोची, ओब्दुलियाबाईंची आठवण त्याआधीच विरत चालली होती. मुलगा गेला हे त्यांना रोज सांगावं लागे, आणि रोज त्या नव्याने आकांत करत. शेवटी मास्तरांनी सांगणं सोडलं. तेव्हापासून बाई त्याला आणायला म्हणून फाटकाबाहेर पडायच्या. फाटकापुढे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे खोल घळ.

"कुलूप घाला की," मी म्हटलं.

"घातलं होतं. फाटकावर डोकं आपटून घेतलं तिने. कोंडून नाही ठेवणार मी तिला. मला नुसतं ऐकू यायला हवं."

दारापासून फाटकापर्यंत मी चार बोटं जाड थर घातला. ऑक्टोबर संपेपर्यंत त्या खडीने इमान राखलं. करकर वाजलं की आतून मास्तरांची हाक यायची, "ओब्दु, थांब गं, मीपण येतो." मग दोघं हात धरून फाटकापर्यंत जाऊन परत यायची. मी रस्त्यावरून बघायची आणि मला बरं वाटायचं.

मग मृतांचे दिवस आले. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं, त्या घराचं दार आमच्याकडे सगळ्या गावाला उघडं असतं, आणि गेलेल्याला घरी जेवायला यायची वाट सापडावी म्हणून रस्त्यापासून घरात त्याच्यासाठी मांडलेल्या वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. मी सकाळीच दोन पोती पाकळ्या घेऊन गेले. पण लाल दगडात त्या दिसेनात, फटींत गडप व्हायला लागल्या.

"असं केलं तर गिल्दार्दो शेजाऱ्याकडे जाऊन जेवेल," मी म्हटलं. माझ्या शहाणपणाला आग लागो. सुताराकडून लाकडाचा भुसा आणला, ओला करून सगळ्या वाटेवर दाबून बसवला आणि वर पाकळ्या पसरल्या. वाट अशी उजळली की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता सापडेल त्याला," ते म्हणाले.

दुपारी ते स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून मोले, म्हणजे सणाचा मिरच्यांचा दाट रस्सा, ढवळत होते. कान रोजच्यासारखे वाटेवर होते. काहीच वाजलं नाही. मेणबत्त्या घेऊन पहिले पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं, बाई कुठे आहेत? पाकळ्यांवर पावलांची एकच रांग होती, घरातून रस्त्याकडे जाणारी.

दिवस मावळायच्या आत त्या घळीत सापडल्या.

मला कुणी बोल लावला नाही. मास्तरांनीही नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. भुसा मी टाकला होता, ही गोष्ट एक वर्ष झालं माझ्या घशाखाली उतरलेली नाही.

यंदा त्या घरात पुन्हा नवी वेदी होती. मी पाकळ्या घेऊन गेले आणि फाटकातच उभी राहिले. पाकळ्या कशा टाकू, हे विचारायचं धैर्य होईना.

"अशाच टाक, खडीवर," मास्तर म्हणाले.

"दिसायच्या नाहीत, मास्तर. बाईंना वाट कशी कळेल?"

"घर कधी विसरली नव्हती ती. भुसा नको, रेमे. या खेपेला मला ती ऐकू येऊ दे."

मी टाकत गेले, पाकळ्या दगडांत बुडत गेल्या. मास्तरांनी खुर्ची उंबऱ्याशी ओढली, बसले आणि डोळे मिटून घेतले.

मी रिकामं पोतं घेऊन वाटेच्या मधोमध थांबले. एक पाऊल टाकलं असतं तर खडी वाजली असती, आणि मास्तरांनी डोळे उघडले असते.