नेताना लावायची रेकॉर्ड

“छत्री,” मास्तर म्हणाले. “यात वाद घालण्यासारखं काही नाहीच.”

“तुझ्या छत्रीला भोकं पडून जमाना झाला,” गॅरेजवाला म्हणाला. “मुकाट्याने खुर्ची लाव.”

“हळू बोला रे, घरात माणूस गेलाय,” कॅशियर म्हणाला, आणि त्याच दमात पुढे म्हणाला, “आणि तलावाला तुम्ही दोघांनी जन्मात कधी न्याय दिला नाहीत.”

गेलेला माणूस भिंतीलगतच्या पलंगावर पांढऱ्या चादरीखाली होता. पायथ्याशी लोखंडी स्टुलावर त्याची थोरली बहीण बसली होती. खरं तर ती ताई एकट्या धाकट्याची, पण त्याच्या या तिघा मित्रांनीही इतकी वर्षं ताई, ताई करून तिचं मूळ नाव झिजवून टाकलं होतं. खाली रस्त्यावर शववाहिका उभी होती. ड्रायव्हरचा हॉर्न वाजवून झाला होता. स्मशानातली वेळ ठरलेली. ती हुकली की संध्याकाळपर्यंत ताटकळायचं. ताईचे दोन्ही मुलगे तिकडची तयारी बघायला पुढे गेले होते. आणि इथे डोक्याची पांढरी झालेली तीन माणसं हातात एकेक रेकॉर्ड घेऊन, गोट्यांवरून पोरं भांडावीत तशी भांडत होती.

छत्री, खुर्ची, तलाव ही काही त्या रेकॉर्डींची खरी नावं नव्हेत. खरी नावं इंग्रजी, ताईच्या जिभेला न वळणारी. पाकिटांवर चित्रं होती, त्यावरून ही नावं पडली. एकावर वाऱ्याने उलटी झालेली छत्री, दुसऱ्यावर दाताच्या डॉक्टरची खुर्ची, तिसऱ्यावर पाणी नसलेला पोहण्याचा तलाव. गाणाऱ्याचा चेहरा कुठेच नाही. चेहरे दाखवण्यालायक नसतील, असं ताईचं मत होतं आणि ते तिने वेळोवेळी बोलूनही दाखवलं होतं.

घोडं अडलं होतं ते धाकट्याच्या शेवटच्या इच्छेपाशी. हॉस्पिटलात असताना तो म्हणाला होता, मला घरातून न्याल तेव्हा रेकॉर्ड लावा. एकच, पण रॉकमधली आजवरची सगळ्यात थोर. झालं. एवढंच बोलून स्वारी गेली.

“थोर म्हणजे काय, ते आधी ठरवू,” मास्तर म्हणाले. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं आणि व्याख्या केल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा पिता येत नसे. “जिच्यानंतर सगळं बदललं, ती थोर. छत्रीच्या आधी रॉक म्हणजे तीन मिनिटांची उडी. छत्रीने त्याला विचार करायला लावलं.”

“विचारच करायचा तर रॉक कशाला? पेपर वाच,” गॅरेजवाला म्हणाला. “खुर्ची एका रात्रीत रेकॉर्ड केलीय. दुसऱ्या बाजूला ड्रमवाल्याची काडी मोडते, ती मोडलेली ऐकू येते. तरी थांबतो का पठ्ठ्या? अर्ध्या काडीने वाजवतो! याला म्हणतात जीव ओतणं.”

“काडी मोडली म्हणून थोर? उद्या माझा दात पडला तर मला गायक म्हणशील,” कॅशियर म्हणाला.

“तू बोलूच नकोस. तुझ्या तलावात रेकॉर्डी दोन आणि माल एकीचा. चौथी बाजू म्हणजे कुणीतरी पाइपात फुंकर मारतंय.”

“ज्याला पोहता येत नाही, त्याने तलावाला नावं ठेवू नयेत.”

ताईच्या कपाळाची शीर उडायला लागली. गेली तीस-पस्तीस वर्षं दर रविवारी या खोलीतून हेच ऐकू येत होतं. धाकटा लिफ्टचा मेकॅनिक. आठवडाभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दोरखंडांना ग्रीस लावायचं, अडकलेल्या लोकांना बाहेर काढायचं आणि त्यांच्याच शिव्या खायच्या. रविवारी आंघोळ करून, नखांतलं काळं तसंच ठेवून, हा रेकॉर्डींपुढे बसायचा आणि हे तिघं जमायचे. ताईचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दोन मुलगे, सुना, नातवंडं, सगळ्यांवर तिचं एकहाती राज्य. तरी रविवारी ती धाकट्याची खोली आवरायला यायची आणि डबे बडवल्यासारखा तो आवाज ऐकून कानात बोटं घालायची. वाद रंगला की मास्तर धाकट्याच्या लिफ्टवर घसरायचे आणि त्यावर धाकट्याचा उलटा टोला ठरलेला. एवढ्या वर्षांत यांचं एकदाही एकमत झालं नव्हतं. एखाद्याची बायको निवडायला एवढा वेळ लागला असता तर पोरी म्हाताऱ्या होऊन गेल्या असत्या.

“मास्तर,” ती म्हणाली, “पेपर तपासायलाही एवढाच वेळ लावत होतात का?”

“ताई, हा साधा प्रश्न नाहीये. जगातली सगळ्यात…”

“जग राहू दे बाजूला. तीन मजले जिना उतरायचाय त्याला घेऊन.”

हेही एक होतंच. लिफ्टच्या मेकॅनिकच्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

“मग चिठ्ठ्या टाका,” ताई म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने खोलीत पिंक टाकली.

“चिठ्ठ्या?” कॅशियरचा आवाज चिरकला. “थोरपण काय चिठ्ठ्यांवर ठरतं, ताई?”

“बरं, तिन्ही लावा. एकामागून एक.”

“एकच म्हणाला होता तो,” गॅरेजवाला म्हणाला. “शेवटचा शब्द आहे त्याचा.”

“मग लावा रे कुठलीही! त्याला काय आता ऐकू येणार आहे?”

बोलून गेली आणि जीभ चावली. कॅशियरने मान फिरवली. मास्तर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसू लागले. ताई उठली आणि उगाचच चादरीचं टोक ताणून बसवू लागली. उभा जन्म तिने हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली होती. चादरीवर सुरकुती दिसली की तिचा हात आपोआप जायचा. ही चादर हॉस्पिटलचीच, भलत्याच कुणीतरी घाईघाईत मारलेल्या इस्त्रीची. मेल्या, तुला धड चादरसुद्धा मिळाली नाही, असं तिच्या ओठांवर आलं. आयुष्यभर त्याला ती मेल्या म्हणत आली होती. आज तो शब्द तिने गिळून टाकला.

तिला खरं टोचत होतं ते वेगळंच. ती चौथीत असताना आई गेली. पाटी कोपऱ्यात ठेवून तिने या पोराला कडेवर घेतलं ते घेतलंच. त्याचं नाक पुसलं, त्याच्या मारामाऱ्या निस्तरल्या, त्याला कामाला लावलं. हॉस्पिटलात रोज दोन वेळा जात होती. दुखतंय का, म्हणून विचारलं तर नाही म्हणायचा. काही हवंय का, तर नाही. आणि मनातलं सांगायचं तेव्हा सांगितलं कुणाला? या तीन उंटावरच्या शहाण्यांना! बहिणीला सांगितलं असतं तर तिचे कान झडले असते का?

खालून पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक.

“थांब रे बाबा!” ताई खिडकीतून ओरडली. “इथे तिघांचं लग्न ठरतंय!” आणि वळून कॅशियरसमोर उभी राहिली. “तू सांग. काय म्हणाला तो नेमकं? स्वतःच्या पदरचं काही घालू नकोस.”

कॅशियरने हातातली रेकॉर्ड छातीशी धरली. “म्हणाला, मला नेताना एकच लाव, सगळ्यात थोर असेल ती. मी म्हटलं, कुठली? तर म्हणाला, कुठली ते तुला माहीतच आहे. डोळा मारला. म्हणजे तलावच की नाही? आणखी कुठली असणार?”

“तुला?” गॅरेजवाला पुढे आला. “तुला कधी म्हणाला? मला म्हणाला तो! दाढी करून देत होतो तेव्हा. कुठली ते तुला माहीतच आहे, म्हणाला. अगदी हेच शब्द.”

“एक मिनिट,” मास्तर म्हणाले. चष्मा अजून त्यांच्या हातातच होता. “हे तो मला म्हणाला होता. तुम्ही दोघं खाली औषधं आणायला गेला होतात. मला वाटलं, तुम्हाला माझ्याकडूनच…”

मग गॅरेजवाला हळूच म्हणाला, “भ्रमात असेल. औषधांनी होतं तसं. एकदा सांगितलेलं लक्षात राहत नाही.”

“भ्रमात?” ताई म्हणाली, आणि पुन्हा स्टुलावर बसली.

तिच्या डोळ्यांसमोर एक पायरी आली. आई गेली त्या वर्षीची थंडी. शेजारच्या तीन बायकांनी कीव येऊन या पोराला एकेक स्वेटर विणून दिला होता. याने प्रत्येकीला एकटीला गाठून सांगितलं, तुझाच सगळ्यात उबदार आहे गं मावशी. आणि मग ऐन थंडीत एकही न घालता कुडकुडत नळापाशीच्या पायरीवर जाऊन बसला. माझा का नाही घातलास, तुझा बोचत असेल, तुझ्या लोकरीला वास येतो. तिन्ही बायका अशा जुंपल्या की बादल्या भरून वाहायला लागल्या. हा पायरीवर दोन्ही गालांना हात लावून बसलेला, जत्रा बघायला आल्यासारखा. ताईने घरी नेऊन दोन धपाटे घातले होते आणि विचारलं होतं, असं का केलंस? तेव्हा नाक ओढत म्हणाला होता, “आपलं घर फार गप्प असतं गं ताई.”

किती वर्षांत तिला हे आठवलं नव्हतं.

“भ्रमात नव्हता तो,” ती म्हणाली. “चांगला शुद्धीत होता. तुम्हा तिघांना तीन बाजूंनी काडी लावून गेलाय.”

“म्हणजे?” मास्तरांनी विचारलं.

“म्हणजे काय म्हणजे! त्याला रेकॉर्ड नकोच होती, मास्तर. रेकॉर्डच हवी असती तर नाव सांगितलं असतं. त्याला तुम्ही हवे होतात, असे. एकमेकांच्या उरावर बसलेले. तोंडं पाडून, माना खाली घालून कुणी त्याला न्यावं, हे त्याला नको होतं. मला का नाही सांगितलं? मी एका मिनिटात निकाल लावला असता, म्हणून!”

हे बोलताना तिच्या आवाजात राग होता, पण त्याचं तोंड फिरलं होतं. आतापर्यंत तो या तिघांकडे बघत होता, आता चादरीकडे. शेवटपर्यंत लबाड तो लबाडच राहिला. आणि त्याची लबाडी ओळखायला शेवटी बहीणच लागली की नाही?

“ठेवा त्या रेकॉर्डी,” ती म्हणाली. “त्याला उचला. आणि खबरदार जो कुणी गप्प बसला. चालू द्या.”

“असं म्हटल्यावर कसं चालू करणार, ताई?” कॅशियरचे डोळे भरून आले होते.

“का? इतका वेळ तर जिभेला हाड नव्हतं. पाइपात फुंकर मारलीय म्हणाला हा तुझ्या तलावाला. ऐकून घेतोस?”

कॅशियरने नाक पुसलं. “ती फुंकर नाही,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “तो ऑर्गन आहे. बहिऱ्याला काय सांगायचं.”

“बहिरा कोण? मी?” गॅरेजवाला म्हणाला. “इंजिन दारात यायच्या आधी त्याचा आजार सांगतो मी.”

ड्रायव्हर वाट बघून कंटाळून वर आला होता. चौथा खांदा त्याचाच लागला. अरुंद जिना, वळणावर स्ट्रेचर उभं-आडवं करावं लागत होतं. मास्तर पुढून उलटे उतरत होते, आणि उतरता उतरता छत्रीच्या पहिल्या बाजूची थोरवी सांगत होते.

“एकही गाणं वगळता येत नाही, एकही! डावीकडे घे, डावीकडे. तुझ्या खुर्चीतलं तिसरं काढलं तर कुणाला पत्ताही लागणार नाही.”

“तिसरं? अरे, तिसऱ्यावर तर ती उभी आहे! कोपरा सांभाळ, कठड्याला लागेल त्याचा हात. तिसरं काढ म्हणतो हा!”

दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं. आतली बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, “अहो, मयत नेताय ना? भांडताय काय?”

“त्याचीच आज्ञा आहे,” मागून येणारी ताई म्हणाली. “तुम्हाला काही मत असेल तर द्या, नाहीतर दार लावा. धूळ जाते आत.”

बाईने दार लावलं. पण फट ठेवली.

पहिल्या मजल्यावर जरा दम खायला थांबले तेव्हा ड्रायव्हर न राहवून म्हणाला, “खुर्ची म्हणजे ती डेंटिस्टवाली का हो? माझ्या मोठ्या भावाकडे होती. चांगली होती.”

“ऐका!” गॅरेजवाल्याने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. “जनता बोलतेय.”

“जनतेला गाडी चालवू दे,” मास्तर म्हणाले.

गाडीत दोन्ही बाजूंना बाक होते, मध्ये धाकटा. ताई त्याच्या डोक्याशी बसली. गाडी निघाली तरी तोंडं थांबली नव्हती. कॅशियर आता चौथ्या बाजूच्या रक्षणासाठी जिवावर उदार झाला होता. गॅरेजवाला मांडीवर दोन बोटांनी ड्रम वाजवून पुरावे देत होता. ताईला त्यातलं काही कळत नव्हतं आणि पहिल्यांदाच कानात बोटं घालावीशी वाटत नव्हती. तरी डोकं ठणकत होतंच. इतक्या वर्षांत एक साधी गोष्ट ठरवता येऊ नये माणसांना, म्हणजे कमाल होती.

मोठ्या चौकात सिग्नल लागला. गाडी थांबली.

“बरं, शेवटचं सांगतो,” मास्तर म्हणाले. त्यांनी बोट वर केलं. “छत्रीतला ड्रमवाला जगातला सगळ्यात चांगला ड्रमवाला आहे. आणि हे जो नाकारेल त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, लिफ्टचे दरवाजे उघडता येतात म्हणजे कान उघडे आहेत असं होत नाही.”

आणि मास्तर थांबले. गॅरेजवाल्याची बोटं मांडीवर थांबली. कॅशियरने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. तिघांनीही एकदमच मान वळवून चादरीकडे पाहिलं, नेहमी बघायचे तसं, आणि वाट बघू लागले.

ज्या बाईने जन्मात कुणाला शेवटचा शब्द घेऊ दिला नव्हता, तिनेही तोंड उघडलं नाही. ही पाळी तिची नव्हती.

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग तिच्या मागच्या गाडीने दिला. उशीर झाला म्हणून सकाळपासून करवादणारा तो माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला.