ओवीच्या शहरातली झाडं

श्यामकांतांनी राउटरची वायर उपसली, टोकावर फुंकर घातली आणि पुन्हा खोचली. दिवा लालच. टीव्हीवर तीच ओळ : सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही.

"डबा आपला, डिस्क आपली, टीव्ही आपला," ते म्हणाले, "आणि खेळायला परवानगी कोणाची?"

त्यांची बायको नीलिमा मटार सोलत होती. अंबरनाथच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळलेली बाई. तिने शांतपणे समजावलं, की गेममधल्या शहराचं सगळं गणित दूरच्या कॉम्प्युटरवर होतं, घरातला डबा फक्त चित्र दाखवतो. कात्रपला रस्ता खणताना नेटची वायर तुटली होती. नेट नाही, तर शहरही नाही.

शहर ओवीचं होतं. पक्की नोकरी सोडून ती मैत्रिणीबरोबर बेकरी काढायला बंगळुरूला गेली, त्यावरून बापलेकीत वाजलं, आणि दिवाळीपासून अबोला होता. नीलिमाने इकडचे निरोप तिकडे करून पाहिले, दोघंही हटेनात. मात्र जेवण झालं, की श्यामकांत लेकीच्याच नावाने गेम उघडून तिच्या शहरात झाडं लावत बसत. विचारलं तर म्हणत, मशीन पडून राहिलं की बिघडतं.

त्यांचा फोन वाजला. नाव पाहून त्यांनी तो नीलिमाकडे सरकवला. तिने मूठभर शेंगा उचलून दाखवल्या. नाइलाजाने त्यांनी बोट लावलं, ते नेमकं स्पीकरवर पडलं.

"बाबा, बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"आज कोणी मला गेममधून बाहेर काढलं नाही, म्हणून विचारलं. रोज दुपारी मैत्रिणीच्या मशीनवर जरा रंगात आले, की बंद. म्हणे, तुमच्या नावाने दुसरीकडे चालू झालाय."

श्यामकांतांचे कान लाल झाले.

"मग पासवर्ड बदलायचा."

"बदलला असता. मग तू जेवून उठलास, हे मला कसं कळलं असतं?"

ते रिमोटची मागची पट्टी उघडत-लावत राहिले.

"आणि स्टेशनसमोर एवढे कडुनिंब? गाड्या अडतायत तिथे."

"लोकांना सावली नको?" ते म्हणाले आणि सोफ्यावर मागे टेकले. "तुझा पाव फुगतो का नीट?"

पावावरून बोलणं भट्टीवर गेलं, भट्टीवरून मैद्यावर. नीलिमाच्या समोर राउटरचा दिवा हिरवा झाला. ती उठली, हात पुसायचा नॅपकिन त्यावर टाकला आणि पुन्हा शेंगांकडे वळली.