झुल्मीराची धुरी

झुल्मीराच्या बावीस गायी दिवसभर एकमेकींत तोंडं खुपसून उभ्या. चरायचं नाव नाही.

कुंपणापलीकडे इथेनॉलचा कारखाना. पूर्वी तोडणीआधी ऊस पेटवायचे. काजळी पडायची, पण गोमाशी नव्हती. मग म्हणे हवा सुधारायची ठरली, पेटवणं बंद! आता पाचट रानातच राहतं आणि लीटरभर इथेनॉलमागे उरणारं दहा-बारा लीटर मळीचं पाणी त्यावर सोडतात. उसाला आयतं पोटॅश, माशीला आयता पाळणा. मेली चावली की रक्तच काढते. दूध निम्म्यावर आलं. मिमोसा गायीचं वासरू चेंगराचेंगरीत पायाखाली आलं, त्या दिवशी झुल्मीरा ओक्साबोक्शी रडली. तेव्हापासून ती शेण्या पेटवून धुरी करायची. धुरात तेवढ्या गायी चरायच्या.

कारखान्याच्या पर्यावरणपूरक ‘हिरव्या’ प्रमाणपत्रासाठी शेजाऱ्यांचं म्हणणं घ्यायला साओ पावलोहून तपासनीस ओताविओ आला. सोबत कारखान्याचा इंजिनियर एवाल्दो.

“मावशी, दोन चांगले शब्द सांगा हं,” एवाल्दो कुजबुजला.

“सांगते की! आधी कॉफी घ्या. इथेच, गोठ्यात.” धुरी तिनं सकाळीच मुद्दाम विझवली होती. सांगण्यापेक्षा चावलेलं बरं.

दोन घोट झाले नाहीत तोच ओताविओ नाचायला लागला. माश्या पँटच्या आरपार चावत होत्या.

“आई गं! अहो, काहीतरी करा ना!”

“मी काय करणार बापडी? गायींसाठी धूर करते.”

“मग करा की! लवकर!”

तिनं शेण्या पेटवल्या. तो धुरात बसून निवांत कॉफी प्याला, वर चीजब्रेड खाल्ले. झुल्मीराला वाटलं, चला, एकाला तरी कळलं.

कळलं होतंच. महिन्याभरात कारखान्याला प्रमाणपत्र मिळालं आणि तिला नोटीस: उघड्यावर जाळून हवा दूषित केल्याबद्दल. अहवालात ओताविओनं लिहिलं होतं, ‘परिसरात धुराचा एकच स्रोत आढळला.’

धुरीविना गायी सुकत चालल्या. एक-एक करून तिनं सगळ्या विकल्या. मिमोसा गाडीत चढेना, तेव्हा झुल्मीरानंच तिला ढकललं. जमीन कारखान्याला खंडानं गेली, उसाखाली.

पुढच्या वर्षी ओताविओ पुन्हा आला. “काय मावशी, माश्यांची काही तक्रार?”

“चावायला राहिलंय कोण?” झुल्मीरा म्हणाली.

त्यानं खूश होऊन लिहिलं, ‘समस्या पूर्णपणे सुटली.’