बिनहँडलची जीप

ज्ञानेश्वरनं मोबाईलवर कुठली तरी बिनहँडलची गाडी पाहिली आणि घर डोक्यावर घेतलं. दारांना हँडल नाही, किल्लीचं भोक नाही, नुसता गुळगुळीत पत्रा. खिशातलं रिमोट दाबलं की दार आपसूक उघडतं. आपली जीप अशीच करायची, असं त्यानं थोरल्या भावाला, बन्सीला सांगून टाकलं. जे धरून दार उघडायचं तेच काढून टाकायचं, यात कुठला शहाणपणा, असं दुसऱ्या कुणीही विचारलं असतं. बन्सीनं विचारलं नाही. धाकट्याला नाही म्हणायला त्याची जीभ कधी रेटलीच नव्हती.

जीप दोघांची होती, दोघांनी मिळून घेतलेली. कागदावर नाव एकट्या ज्ञानेश्वरचं, कारण घ्यायला गेले त्या दिवशी बन्सीला दुकान सोडता आलं नव्हतं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याला गरज पडेल त्यानं किल्ली उचलून निघायचं, एवढाच त्या घरातला कायदा.

देवळाली प्रवऱ्यात बन्सीचं वेल्डिंगचं दुकान आहे. कारखाना सुरू व्हायच्या तोंडावर त्याच्या दुकानापुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. नेमक्या त्याच दिवसांत हा गडी ट्रॉल्या बाजूला सारून जीपला चिकटला. गिऱ्हाइकं शिव्या घालत दुसरीकडं गेली. बन्सीनं हँडलं उतरवली, भोकांच्या मापाचे पत्रे कापले आणि दम घेत घेत टाके मारले, कारण दाराचा पत्रा एकदम तापला तर वेडावाकडा होतो. मग घासलं, पुट्टी भरली, पुन्हा घासलं. शेवटी डोळे मिटून दारावरून तळवा फिरवला, तर हँडल कुठं होतं ते त्याचं त्यालाच सापडेना. स्वतःच्या कामावर इतका खूश झालेला बन्सी घरच्यांनी फार वेळा पाहिला नव्हता.

"दादा, तुज्या हाताला तोड न्हाई," ज्ञानेश्वर म्हणाला. "रिमोट दोन येत्यात. एक तुजं, एक माजं."

"अन् बॅटरी उतरली मंग?"

त्याचीही सोय बन्सीनंच केली. ड्रायव्हरच्या दाराच्या कुलपाला क्लचची वायर जोडली, ती गाडीच्या पोटाखालून नेली आणि पुढच्या चाकामागं टोक लपवून ठेवलं. ते ओढलं की दार उघडणार. धाकट्याचा हात धरून त्यानं ते टोक त्याच्या बोटांना लावून दाखवलं. "तुज्या-माज्याबिगर कुनाला सांगू नको," म्हणाला.

रंग आणि रिमोटचं काम केडगावच्या एका गॅरेजात झालं. जीप नव्या नवरीसारखी नटून आली. बन्सीचं रिमोट मात्र आलं नाही. मागवलंय, येईल, असं ज्ञानेश्वर सांगत राहिला. तोवर बन्सीला गाडी लागली की तोच दार उघडून देई. बन्सीनं विषय ताणला नाही. सख्ख्या भावामागं कसला तगादा लावायचा?

मग स्नेहलला नगरला न्यायचा दिवस आला. बन्सीच्या या लेकीला तिथं नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. ट्रंक, गादी, लाडवांचा डबा, सगळं अंगणात येऊन पडलं. ज्ञानेश्वर आदल्या दिवशी मोटारसायकलवर बायकोला घेऊन तिच्या माहेरी, शेवगावला गेला होता. जीप दारात उभी होती. चालू करायची किल्ली आत सीटवर पडलेली काचेतून दिसत होती.

बन्सी निवांत होता. बाह्या सारून तो जमिनीवर पालथा झाला आणि चाकामागं हात घातला. हाताला काहीच लागेना. मोबाईलचा उजेड पाडून पाहिलं. वायर गंजून तुटली नव्हती. ती मुळापासून काढून घेतली होती, आणि जिथून ती बाहेर येई त्या भोकात रबरी बूच ठोकून वरून काळा रंग मारला होता. रिमोट द्यायचं एखादा विसरेल. बूच कुणी विसरून बसवत नाही.

त्यानं तिथंच बसून फोन लावला.

"माजं रिमोट कुठं हाय, ज्ञानू?"

"समर्थकडं दिलंय." समर्थ म्हणजे ज्ञानेश्वरचा मेहुणा. "त्यो गाडी पुन्याला गाड्यांच्या प्रदर्शनात दाखवायला नेतो ना, त्याला लागतं."

"अन् वायर?"

"काढली ती. चोरीचं भ्या असतंय, दादा."

"त्या वायरीचं दोघांलाच ठाव हुतं. तुला अन् मला. मंग चोर कोन?"

ज्ञानेश्वर लहान पोराला समजवावं तसा बोलला, "आसं कर ना दादा. गाडी लागली की आदल्या दिशी सांगत जा. समर्थ यील, तुला सोडून यील."

बन्सीनं फोन बंद केला. त्याला संताप आला, पण संतापाहून जास्त लाज वाटली. धाकट्यानं केसानं गळा कापला होता आणि सुरीला धार लावून द्यावी तशी सगळी तयारी यानंच करून दिली होती. घरचा धंदा बुडवून, जीव ओतून, एकेक भोक यानंच बुजवलं होतं. भावानं फक्त याला बाहेर ठेवलं.

तो उठला, दुकानातून पत्रा कापायचा ग्राइंडर घेऊन आला आणि त्याची वायर ओट्यावरच्या बोर्डात खोचली. कुलूप कुठं आहे ते मोजायची त्याला गरज नव्हती. पातं फिरायला लागलं तशी त्याची आई, बनुबाई बाहेर आली. तिनं अंगणातलं सामान पाहिलं, तोंड पाडून उभी असलेली नात पाहिली आणि तिला सगळं उमगलं.

"काप," ती म्हणाली. "घरचीच गाडी हाय. कोन इचारतंय तुला?"

पातं पत्र्याला टेकायच्या बेतात होतं. बन्सीनं ग्राइंडर बंद केला.

"न्हाई, आई. दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नये."

त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली, स्नेहलनं गादी उचलली आणि दोघं एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली. घराची वाटणी झाली, हे बनुबाईला त्या वाक्यानं कळलं.