कळवणच्या वहीतलं पान

"आजी, ती लिंक परत एकदा दाबा बरं."

वेदिकाने फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे कळवणला कुसाबाईंनी दाबलं असावं.

"पान सापडलं नाय, असंच म्हनतंय बाई. काढून टाकलं का त्येंचं नाव?"

"अहो नाही हो! आहे, इथंच आहे."

वेदिकाच्या त्र्यंबकेश्वरातल्या तीर्थपुरोहितांच्या घरात यात्रेकरूंच्या वह्या चार पिढ्यांच्या. येणाऱ्याने आपल्या हाताने घरच्यांची नावं लिहायची, ही रीत. कुसाबाईंचे मालक धोंडीराम माघात गेले. त्यांच्या हातचं एक अक्षरही कळवणच्या घरात नव्हतं, आणि कुसाबाईंच्या गुडघ्यांना आता एसटी सोसत नव्हती. म्हणून वेदिकाने त्यांच्या एकोणऐंशी सालच्या पानाची लिंक धाडली होती. वह्यांचे फोटो तिने एका कंपनीच्या सर्व्हरवर न ठेवता, अनेकांच्या कॉम्प्युटरांनी मिळून सांभाळलेल्या जाळ्यावर ठेवले होते. कंपनी बुडाली तरी वह्या राहाव्यात म्हणून. केवढी हौस! आणि आता एक पान उघडेना. साइटच्या मुखपृष्ठावरून गेलं की मात्र सगळं उघडत होतं.

वेदिकाचे वडील, अण्णा, वहीला नवं कापड बांधत होते.

"अगं, कुणी थेट पान मागितलं तर मलासुद्धा देता येत नाही. आधी गाव सांगा, मग आडनाव. पान मी काढतो."

वेदिका थबकली. खरंच की! जाळं त्या नावाची फाइल शोधत होतं आणि तशी फाइल नव्हतीच. पानं मांडायचा आजींच्या फोनमधला ब्राउझर, तेही मुखपृष्ठ हाती आल्यावर. तिने पत्त्यात पानाच्या नावाआधी हॅशची (#) खूण घातली. आता जाळ्याने नुसतं मुखपृष्ठ द्यायचं, खुणेपुढचं वाचून पान काढायचं ब्राउझरने.

"अण्णा, तुम्हालाच नोकरीवर ठेवायला हवं!"

नवी लिंक गेली.

"आजी, दिसलं?"

"दिसलं गं. त्येंचंच अक्षर. कसं तिरकं पळतंय बघ!" कुसाबाई हसल्या आणि एकेक अक्षर लावून नावं वाचू लागल्या. "धोंडीराम. कुसा. पोरगा महेश." मग थांबल्या. "पोरगी मोहिनी."

अण्णांनी मान वर केली. त्या काळी वहीत मुलींची नावं कुणी लिहीत नसे.

"तुम्हाला मुलगी आहे, आजी?"

"अकरा दिवसांची गेली. ती गेल्यावरच आलो व्हतो तिथं. मी कुशावर्ताच्या कुंडावर लुगडं वाळवत व्हते, तवा लिवलं असंल." "घरी कधी तिचं नाव काढलं नाय गं त्येंनी. मला वाटायचं, इसरले."

वेदिकाने आपल्या स्क्रीनवर तेच पान उघडलं.

"पोरी, हे मिटवलं तर पुन्हा उघडंल ना?"

"उघडेल, आजी. कितीही वेळा."

"थांब, बघते."

थोड्या वेळाने आवाज आला, "पोरगी मोहिनी."