मूळ प्रत

जावईबापूंच्या नजरेबद्दल कचेरीत कुणाला शंका नव्हती. जुनी कॉमिक्स तपासून त्यांना दर्जा देणारी ती कंपनी, आणि तिथे त्यांची सतरा वर्षं झालेली. टाचणीच्या डोक्याएवढा कोपरा मुडपला असला तरी त्यांना तो हातभर अंतरावरून दिसायचा. अंक आला की आधी पानं मोजायची, मग दिव्याखाली तिरका धरून घड्या शोधायच्या, पिना गंजल्यात का बघायचं, कुणी गुपचूप रंगाचा हात फिरवलाय का बघायचं, आणि दहापैकी आकडा ठरवायचा. असं तिघांनी वेगवेगळं तपासलं की तो अंक पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत सीलबंद व्हायचा. वर लेबल, लेबलावर आकडा. डबी फोडली की आकडा रद्द. अंकाचं सगळं काही बघायचं, फक्त तो वाचायचा नाही. वाचायला वेळ कुणाला होता?

हे 'जावईबापू' नाव मुळात सासऱ्यांचं. एकदा सासऱ्यांचा फोन चुकून स्पीकरवर लागला आणि तेव्हापासून अख्खी कचेरी त्यांना तेच म्हणू लागली. जावईबापूंना ते आवडायचं. माणूस घरी-दारी एकाच नावाने ओळखला जातो म्हणजे सरळ असणार, असं लोकांना वाटतं, आणि लोकांना तसं वाटत राहणं त्यांच्या फार सोयीचं होतं.

सासरे, म्हणजे बाबा, छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफरीडर होते. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले ते दोन सुटकेसा आणि एक भिंग घेऊन. त्यांची एक सीलबंद डबी मात्र आधीपासूनच तिथे होती. डबीत 'पोलादी पोस्टमन'चा पहिला अंक होता. बाबा नऊ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी घेऊन दिलेला, आणि इतका जपलेला की जावईबापूंच्या कंपनीने त्याला नऊ पूर्णांक चार दिले होते. लेकीच्या लग्नानंतर बाबांनी तो स्वतःहून जावयाच्या हवाली केला होता. "घरचाच तज्ज्ञ मिळालाय, आता काळजी कसली!" असं व्याह्यांना ऐकवलंही होतं.

काळजी करायला हवी होती. चार वर्षांपूर्वी डबीवर ओरखडे पडले म्हणून जावईबापू ती बदलून आणायला घेऊन गेले. नवी कोरी डबी आली, जुनंच लेबल आलं, आकडा तोच. आतला अंक मात्र दुसरा होता. प्रकाशकाने पंचवीस वर्षांनी तो पुन्हा छापला होता, मुखपृष्ठ आणि मागची जाहिरात हुबेहूब जुनी ठेवून. ही आवृत्ती रद्दीच्या भावात मिळायची. खरा अंक गेला एका व्यापाऱ्याकडे, जो कधी काही विचारत नसे, आणि त्या पैशांतून दारात गाडी आली. त्याच गाडीतून जावईबापू बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत. बाबा मागच्या सीटवर बसून म्हणत, "काय आरामशीर गाडी घेतलीत हो!"

डॉक्टरने सांगितलं की नजरेतला मधला भाग धूसर होत जाणार. कडेचं दिसेल, पण अक्षर लागणार नाही. चार महिने, फार तर सहा. घरी येऊन बाबांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले,

"जावईबापू, ती डबी फोडू या. एकदा वाचायचंय."

जावईबापूंची नोकरी, नाव, संसार, सगळं त्या डबीच्या आत होतं.

"बाबा, फोडली की दर्जा गेला!"

"जाऊ दे की. दर्जा काय चाटायचाय मला? मला गोष्ट हवीय. आणि अंगात छापखान्याचं रक्त आहे, कागदाचा वास घेतल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही."

बायको आधी बापाच्या बाजूने होती. "अहो, फोडा ना. त्यांचीच तर वस्तू आहे."

मग जावईबापू कामाला लागले. तीन-तीन माणसांनी तपासलेली वस्तू आहे, हवा लागली की कागद पिवळा पडेल, आज हौस म्हणून फोडाल आणि उद्या हळहळत बसाल, हे त्यांनी इतक्या तळमळीने सांगितलं की त्यांचे स्वतःचेच डोळे पाणावले. लांब राहणाऱ्या मेव्हण्याला त्यांनी फोन लावून दिला. तोही बापाला म्हणाला, "बाबा, हट्ट करू नका. ते त्या धंद्यातले आहेत, त्यांना कळतं." बायको गप्प झाली. बाबा "बरं" म्हणाले आणि आठ दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. जावईबापूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हातारा माणूस गप्प झाला म्हणजे पटलं, अशी त्यांची समजूत.

नवव्या दिवशी रविवार होता. जावईबापू आंघोळ करून, कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तर टेबलावर स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकचे तुकडे, आणि बायको मोठ्याने वाचत होती. बाबा शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. लहान मुलासारखे खुशीत होते.

"या, या जावईबापू," ते म्हणाले. "गुन्हा कबूल! आता रागावून उपयोग नाही. बस्स, शेवटची दोन पानं राहिलीत. ऐका तुम्हीही."

जावईबापू तिथेच ओलेते उभे राहिले. त्यांनी तो अंक शेकडो वेळा हाताळला असेल, पण आत काय लिहिलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्ही आवृत्त्यांत एकच गोष्ट असणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. भीती एवढीच होती की पहिल्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, 'दुसरी आवृत्ती' अशी ओळ होती.

बायकोने वाचलं, "पोस्टमनने दार ठोठावलं. म्हातारी धावत आली. 'आई, पत्र आलंय! तुमचा मुलगा उद्याच्या बोटीने घरी येतोय!'"

बाबांनी डोळे उघडले.

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"असं नाहीये ते," बाबा म्हणाले. "मुलगा बुडालेला असतो. पत्रात तेच लिहिलेलं असतं. पोस्टमन ते वाचतो, खिशात ठेवतो आणि म्हातारीला म्हणतो, 'आज पत्र नाही, आई.' मग रोज तिच्या दारावरून जाताना तेच म्हणतो. शेवटचं चित्र बंद दाराचं आहे."

"हो ना!" बायको म्हणाली. "मला तुम्ही लहानपणी अशीच सांगायचात. मी रडायचे, आठवतं?" आणि तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, हे असं कसं?"

पहिल्या गोष्टीने मुलं रडतात अशा तक्रारी गेल्या होत्या, म्हणून प्रकाशकाने दुसऱ्या आवृत्तीत शेवट गोड केला होता. हे जावईबापूंना पुढे कधीतरी कळलं. त्या क्षणी त्यांना एवढंच कळलं की आपण मेलो. ते पुढे झाले, "बघू, पिना तर सैल झाल्या नाहीत ना," म्हणत त्यांनी अंक हातात घेतला, पहिलं पान उघडलं आणि तळाच्या ओळीवर अंगठा ठेवला. मग दिव्याखाली तिरका धरून तो नेहमीसारखा तपासला. दोघंही त्यांच्याकडे बघत होते. असं बघणाऱ्या माणसांना काहीही सांगता येतं, हे ते सतरा वर्षांत शिकले होते.

"बाबा," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हा सीलबंद होता. तिघांनी पानन् पान मोजून बंद केलेला. यात जे आहे, तेच तुमच्या लहानपणी होतं."

"पण वासही वेगळा आहे हो."

"इतकी वर्षं प्लास्टिकमध्ये होता."

"मग हिला आठवतंय ते?"

"तिला तुम्ही सांगितलेलं आठवतंय. मुलांना गोष्ट सांगताना आपण पदरचं घालतोच की. पुढे आपल्यालाच ते खरं वाटायला लागतं. या वयात होतं असं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही."

ते नीच बोलणं होतं आणि किती नीच होतं ते बोलणाऱ्याला नीट ठाऊक होतं.

 मग चाळीस वर्षं ज्या नियमावर पोट भरलं, तो नियम बाबांनी स्वतःलाच लावला. "बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "प्रूफ आणि मूळ प्रत यांत फरक पडला, तर प्रूफ चूक. मूळ प्रतीशी वाद घालायचा नसतो. मूळ प्रत ही समोर आहे. म्हणजे चूक इथे झालीय." आणि त्यांनी आपल्या कपाळावर बोट ठेवलं.

बायकोचे डोळे भरून आले. तिने अंक मिटला आणि बापाचा हात धरला. जावईबापू अंक घेऊन आतल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या कागद कापायच्या यंत्रात त्यांनी त्याच्या पट्ट्या केल्या, आणि घरी सांगितलं की नव्या डबीत बंद करायला दिलाय. नंतर कुणी त्याची चौकशी केली नाही.

पण बाबा बदलले. चाळीस वर्षं ज्यांच्या नजरेतून एक अनुस्वार सुटला नाही, ते आता साध्या साध्या गोष्टी विचारू लागले. गोळी घेतली का मी? तुझी आई मंगळवारी गेली ना, का गुरुवारी? मंगळवारीच गेली होती, पण तो मंगळवार म्हणताना त्यांचा आवाज कापायचा. लेकीने धास्तीने गॅसची चावी लपवली, कपाटांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या. बाबांनी एका चिठ्ठीतली चूक दाखवली तर ती हुंदका आवरत म्हणाली, "बाबा, राहू द्या ना आता." तिने बापाला लहान मूल करून टाकलं, आणि ते तिने मायेपोटी केलं, म्हणून त्यांना त्याच्याविरुद्ध काही बोलताही येईना.

स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरने तारीख विचारली. बाबांना ती माहीत होती. सकाळीच त्यांनी रेडिओवर ऐकली होती. ते म्हणाले, "तुमच्याकडे काय लिहिलंय ते सांगा, तेच बरोबर." डॉक्टरने कागदावर शून्य लिहिलं.

परतताना गाडीत दोघंच होते. लेक औषधं आणायला मागे थांबली होती. बाबा म्हणाले, "जावईबापू, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. तुमचा धंदाच खऱ्या-खोट्याचा आहे. तुम्ही होतात म्हणून मला वेळीच कळलं."

सांगून टाकायची वेळ होती ती. सिग्नल लाल होता, काच बंद होती, तिसरं माणूस नव्हतं. जावईबापूंनी तोंड उघडलंही. पण मग नोकरी आठवली, बायकोचा चेहरा आठवला, आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला. "सीटबेल्ट नीट लावा, बाबा," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी सगळे वृद्धाश्रमाच्या कचेरीत बसले होते. लेक दिवसभर कामाला असते, घरात एकटं ठेवणं धोक्याचं, हे बाबांनीच आधी बोलून दाखवलं होतं. टेबलापलीकडच्या बाईंनी एक अर्ज पुढे सरकवला. ठळक अक्षरांत मथळा होता आणि खाली सहीची जागा होती.

"वाचून दाखवू का, आजोबा?"

"मथळा मोठा आहे. तेवढा लागेल मला." बाबांनी भिंग काढलं, मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेने एकेक अक्षर टिपू लागले. मग त्यांनी पेन मागितलं. मथळ्यातल्या 'स्मृतीभ्रंश' या शब्दातल्या दीर्घ वेलांटीवर त्यांनी बारीक रेघ मारली आणि समासात नेमकी खूण केली.

"'ति' ऱ्हस्व हवा," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "हवा ना हो? का हेही माझ्या मनाचंच?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. ऱ्हस्वच हवा होता. कामापुरतं शुद्धलेखन जावईबापूंनाही येत होतं. त्यांनी पुढे वाकून अर्ज उजेडाकडे थोडा तिरका धरला आणि नीट पाहिला.

"छापलंय ते बरोबर आहे, बाबा," ते म्हणाले.

बाबांनी मान हलवली. समासातली आपली खूण त्यांनी काळजीपूर्वक खोडली, बाईंची माफी मागितली आणि सही केली.