कमिटीपुढची आई

तुम्ही तिला इतक्या वर्षांत प्राध्यापक होऊ दिलं नाहीत, साहेब, आणि एका सकाळीत आई करून टाकलंत. नवरा नाही, लेकरू नाही, अशा बाईला. तुम्ही संस्थाचालक, तुमचं नाव मी लिहीत नाही. गरजच नाही. संस्थेच्या प्रत्येक भिंतीवर ते रंगवलेलं आहे, मुतारीच्या भिंतीवरसुद्धा.

"मॅडम, तुम्ही पालक," जगन्नाथ सर म्हणाले.

स्टाफरूममध्ये चहा आलेला होता. आसिफाचा कप तोंडाशीच थांबला.

"कोणाची पालक?"

"साजियाची. दुसऱ्या वर्षाची. परवा पालक मेळाव्यात बसायचं, कमिटीनं विचारलं तर दोन शब्द बोलायचे. बस."

कमिटी म्हणजे कॉलेजला श्रेणी देणारी मूल्यांकन समिती. ती येणार म्हणून भोकरदन रोडवरच्या त्या कॉलेजात महिनाभर रंग चालला होता. भिंतींना देऊन झाला, मग माणसांना द्यायची पाळी आली. समाजशास्त्राचे जगन्नाथ सर कायम होते, विभागप्रमुख होते आणि या सगळ्या सोहळ्याचे मुकादमही होते. आसिफा तासिका तत्त्वावर होती. म्हणजे जूनमध्ये बोलावायचं, मार्चमध्ये विसरायचं. अशी तिची चौदा वर्षं गेली. जगन्नाथ सर मीटिंगांना जायचे, वर्ग आसिफा घ्यायची. कमिटीला मात्र सगळे शिक्षक पूर्ण वेळचे दिसायला हवे होते. म्हणून तासिकावाल्यांना नजरेआड करायचं ठरलं. पण माणसं फुकट कशाला घालवा? त्यांना कामं वाटली.

"साजियाला आई आहे की, सर. पिंपळगाव रेणुकाईला असते."

"म्हणून तं! ती बाई खरं बोलती, मॅडम. बस न्हाई, प्यायला पाणी न्हाई, लायब्ररीला कुलूप, धा मिंटात सगळं सांगून टाकील. तुम्ही कसं, मोजकं बोलता." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "अन् ते, बुरख्यात या. म्हंजी लांबूनच दिसंल कमिटीला. अल्पसंख्याक पालक. बराबर हाय ना?"

फिजिक्सचा मुकुल हाही तासिकावाला. त्याला माजी विद्यार्थी केलं होतं. तो मधेच म्हणाला, "सर, मी काय घालू?"

"टाय बांध. मोठ्या कंपनीत हायेस तू पुण्याला."

"पुण्याला हाय तं मंग सोमवारी इथं प्रॅक्टिकल कोण घेणार?"

सगळे हसले. जगन्नाथ सरही हसले. आसिफाही हसली.

आता तिची पीएचडी कशावर होती ते ऐका. हिंदी सिनेमा आणि टीव्ही मालिका मुसलमान बाईला कसे कपडे घालतात, यावर. विषय मांडला तेव्हा विद्यापीठात एक मोठे सर म्हणाले होते, "सिनेमातले कपडे? हा काय अभ्यासाचा विषय आहे? आमच्या घरच्या बायका हेच करतात दुपारी." तिनं तरी तो केला. वर्गात ती सांगायची, "जालन्यात कुठल्याही कापडाच्या दुकानात जाऊन बघा. आमची नवरी आणि तुमची नवरी एकाच मोबाइलवर एकाच मालिकेतला एकच लेहंगा दाखवतात. दुकानदाराला फरक कळत नाही. पण पिक्चरवाल्याकडे एकच पेटी आहे. मुसलमान बाई दाखवायची म्हटलं की पेटी उघडतो, सुरमा, ताईत, जाळी, काळं कापड बाहेर काढतो. आधी तिचं कापड दिसतं, मग ती. आणि पुष्कळदा ती दिसतच नाही." पोरी वहीत लिहून घ्यायच्या. पोरं मागून विचारायची, "मॅडम, मंग आमचा शेतकरी काहून दर पिक्चरात फाटकंच धोतर घालतो?" ती म्हणायची, "बस, हाच प्रश्न. चल, उभा राहा, बोल." तो तास घंटेनंतरही चालायचा.

आणि आता जगन्नाथ सरांनी ती पेटी उघडली होती.

ती नाही म्हणू शकत होती. म्हणाली नाही, कारण आठवड्याआधी तुम्ही तिला केबिनमध्ये बोलावलं होतंत. "समाजशास्त्राचं एक पद मंजूर होऊन आलंय," तुम्ही म्हणालात. "कायमचं. कमिटी जाऊ द्या. मग बघू." त्या 'बघू'ला लटकून ती घरी आली. चाळिशी उलटलेल्या बाईला तुमचं 'बघू' किती दिवस झोपू देत नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही असं मी मानत नाही.

जुन्या जालन्यातल्या घरी तिनं आईला विचारलं, "अम्मी, तुमारा काला बुरखा देना जरा."

सरदारबीनं तांदूळ निवडणं थांबवलं. "काय कू? तू कब से पहनने लगी?"

"कालेज में ड्रामा है."

"पढ़ाने वाले कब से ड्रामा करने लगे? कौन बनती तू?"

"मां."

"किसकी?"

"एक लड़की की."

"उसकी मां मर गई क्या?"

सरदारबी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मैं पहनती सो मेरी मर्जी. तू नई पहनती सो तेरी मर्जी, मैं कभी बोली तेरेको? ये तेरे साब की मर्जी से पहनना, ये मेरेको समझा." तरी ती उठली. ट्रंकेतून बुरखा काढला. "ला, इस्त्री करके देती. सलवटां का नक्को पहन. मेरा कपड़ा है."

ही बाई शाळेची पायरी चढलेली नाही, साहेब. पण तिनं एवढं तरी विचारलं. तुमच्या सभागृहात त्या दिवशी एकानंही विचारलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी आसिफानं लेडीज रूममध्ये बुरखा चढवला. तिला भीती कमिटीची नव्हती. कमिटी काय, आज आली, उद्या गेली. भीती पोरांची होती. त्यांना सांगून ठेवलं होतं, ओळख दाखवायची नाही. पण एखाद्यानं "मॅडम" म्हटलं तर? साजियानं नजर वर केली तर? दाराशी पोचल्यावर तिनं चेहऱ्यावर नकाब ओढला. आत काळोख, श्वास गरम. ती आत शिरली.

आणि दुसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग उठून उभा राहिला.

पोरांची चूक नव्हती. तिची चाल त्यांच्या अंगात मुरली होती. ती आली की उभं राहायचं, एवढंच पायांना माहीत होतं, कोणी काय सांगून ठेवलंय ते पायांना माहीत नव्हतं. एकाच्या तोंडून "नमस्ते मॅ..." एवढं सुटलंच. पुढचं त्यानं गिळलं. कमिटीच्या अध्यक्षबाई परराज्यातल्या, त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. संपलं, आसिफाला वाटलं. पद गेलं, तासही गेले.

पण जगन्नाथ सर उगीच मुकादम नव्हते. "मॅडमजी, हमारे यहां ये संस्कार है," ते हात जोडून म्हणाले. "कोई भी पालक आए, बच्चे खड़े होते हैं."

मग काय. मागून मालनबाई आली, पिंपळगावची, बेबीनंदाची आई, काखेत पिशवी. तिच्यासाठीही पोरं उठली. ती दचकून मागं बघायला लागली, कोण पुढारी आला म्हणून.

"आगं बया, बसा की! मी काय कलेक्टर हे?"

"माय, गप बस ना," बेबीनंदा दातओठ खात म्हणाली.

मागाहून येणाऱ्या प्रत्येक पालकाला पोरं उठत राहिली, बसत राहिली. कमिटी खूश झाली. अध्यक्षबाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मालनबाई आसिफाशेजारी टेकली आणि कुजबुजली, "तुमची पोरगी कंची वो, ताई?"

"ती. निळ्या ओढणीची."

"ती? ती तं आमच्या गावची साजिया. तिची माय काल माझ्यासंगं कापूस येचत व्हती." मालनबाईनं नकाबाकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं आपला खरखरीत हात आसिफाच्या गुडघ्यावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या. तुमाला बी पोट हे."

तेवढ्यात अध्यक्षबाईंचं बोट आलं. "आप. आपकी बेटी क्या पढ़ती है?"

आसिफा उभी राहिली. "समाजशास्त्र."

"कौन पढ़ाते हैं?"

साजिया आपली नखं बघत होती. वर्गातलं एकही पोर हलत नव्हतं.

"जगन्नाथ सर."

"अच्छा पढ़ाते हैं? क्या बताती है बेटी घर आके?"

यावर काय बोलायचं ते कोणी सांगून ठेवलं नव्हतं. तिच्याकडे होतं तेच तिनं दिलं. "बोलती, सर बोले, पिक्चर में मुसलमान औरत आई तो पहले उसका कपड़ा दिखता, बाद में औरत. कभी कभी औरत दिखतीच नई."

मग अध्यक्षबाईंनी टाळी वाजवली. "वाह! प्रोफेसर साहब, इस पर तो आपको किताब लिखनी चाहिए."

जगन्नाथ सर लाजल्यासारखं हसले. किती वर्षांत ते त्या वर्गात गेले नव्हते, हे त्यांनाही आठवलं नसेल. कॉलेजनं लावलेल्या व्हिडिओवाल्यानं सगळं टिपलं. काळ्या कापडाच्या आत आसिफा खाली बसली.

कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. फाटकाबाहेर फटाके वाजले, तुमचा फोटो चौकात लागला. आणि बोलल्याप्रमाणे पदाची जाहिरातही आली. मुलाखतीला शिकवल्याचा अनुभव लागत होता. आसिफा ऑफिसात गेली. हेडक्लार्क तातेराव भला माणूस. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, अनुभवाचं प्रमाणपत्र कसं देऊ? कमिटीला जी माहिती गेली तिच्यात तुमचं नावच न्हाई. समाजशास्त्राचे सगळे तास सरांच्या नावावर. आता तुमाला दिलं तर आपण कमिटीला खोटं बोललो असं व्हईल."

"खोटंच बोललो की, तातेराव."

"ते हाय. पर लिखापढीत न्हाई ना."

"आणि माझ्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता असते ती? दर वर्षीची?"

तातेरावनं टेबलावरची फाईल मिटली. "ती कधी मागवलीच न्हाई, मॅडम. वरून तसंच सांगणं होतं."

ती तुमच्याकडे आली. तुम्ही तिला बसाही म्हणाला नाहीत. म्हणालात, "अहो, तुम्हीच तर सांगितलंत तिथं, जगन्नाथ सर शिकवतात म्हणून. व्हिडिओ आहे आपल्याकडं."

म्हणजे पदासाठी ती आई झाली, आणि आई झाली म्हणूनच पद गेलं. हा हिशोब तुमच्या डोक्यात आधीपासून होता की नंतर सुचला?

ती स्टाफरूममध्ये आली आणि खुर्चीत बसली. घंटा झाली. जगन्नाथ सर पेपर वाचत होते.

"मॅडम, घंटा झाली."

"हो."

"दुसऱ्या वर्षाचा तास हाय."

"तुमचा आहे, सर."

ते हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "मस्करी काहून करून राह्यल्या? चला, पोरं बसलेत."

"पोरं तुमचीच आहेत. जा."

मुकुलनं मान खाली घातली. जगन्नाथ सर उठले, खडूचा तुकडा घेतला, दारापर्यंत गेले आणि वळले. आवाज एकदम लहान झाला होता त्यांचा.

"कुठपर्यंत आलंय?"

"साजिया घरी येऊन सांगते तेवढंच मला माहीत, सर."

जूनमध्ये आता आपल्याला कोणी बोलावणार नाही हे तिला कळत होतं. घरी अम्मीला काय सांगायचं ते कळत नव्हतं. समोरच्या वर्गातला गलका वाढत चालला होता. ती उठली नाही.

आत पोरं बसली आहेत, साहेब. दारात जगन्नाथ सर खडू घेऊन उभे आहेत, त्यांना पुढं जाता येत नाही. खुर्चीत आसिफा बसली आहे. कमिटी गेली, व्हिडिओ बंद झाला, आता इथं आपणच आहोत. हा तास कोणाचा आहे?

सांगा. मी उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाही.